एकच उघडा खिसा

१

माझ्या थोरल्याच्या जिभेखाली गोळी होती. अख्खी नव्हे, विरघळून उरलेला पांढरा कण, साबणाच्या चुऱ्याएवढा. त्याचं तोंड पुसताना तो माझ्या बोटाला लागला. चाळीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढत आले आहे. कुठला डाग कशाचा, हे माझ्या नाकाला आणि बोटाला कळतं. हा कण त्याच्या तोंडात आपोआप आलेला नव्हता.

गुरुवार होता, सकाळचे अकरा. आमचा धुलाईखाना तीन मजली. खाली धुण्याचे ड्रम, मधे इस्त्री, आणि वर वाळवणीची खोली, जिच्यात दिवसभर गरम हवा सोडलेली असते. आम्ही मागच्या चार खोल्यांत राहतो. थोरला ओल्या चादरींची टोपली घेऊन वर गेला आणि वाळवणीच्या दारात कोसळला. वय अडतीस. उंचीनं दारात वाकून यावं लागायचं त्याला.

गल्लीतला डॉक्टर आला, डोळ्यांत बॅटरी मारली, "हार्ट" म्हणाला आणि कागदावर सही करून गेला. एवढ्या अंगापिंडाचा माणूस त्यानं एका शब्दात गुंडाळला.

तो कण मी रुमालाच्या गाठीत बांधला. सगळं उरकून घरी परत आल्यावर तिघांना समोर बसवलं. सून, धाकटा मुलगा आणि आमचे इस्त्रीवाले मिशाराव. मिशाराव घरचे नाहीत, पण तीस वर्षं इस्त्री करताहेत. त्यांच्या मिशा त्यांच्याआधी खोलीत येतात.

"थोरल्याच्या तोंडात कुणीतरी विषाची गोळी घातली," मी म्हटलं. "आणि ज्यानं घातली तो गप्प बसलाय. त्या वेळी आवारात तुम्ही तिघंच होता, बाकीची माणसं माल उतरवायला रस्त्यावर होती. ज्याचा हात यात निघेल त्याला या घरात जागा नाही. मग तो कुणीही असो."

"आई, आज नको गं," धाकटा म्हणाला.

"मग कधी? डाग सुकल्यावर?"

मिशाराव जमिनीकडे बघत होते. सून मात्र रडत नव्हती. तिची उजवी मूठ मिटलेली होती आणि मुठीतून कसल्यातरी कागदाचा पिवळा कोपरा बाहेर आला होता. मी तो बघितला. आणि मी बघितला हे तिनंही बघितलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्वयंपाकघरातच गाठलं.

"काल हातात काय होतं?"

"काही नाही, आई."

"काही नाहीला पिवळा रंग असतो होय?"

ती भांडं घासत राहिली. आधीच स्वच्छ असलेलं भांडं. नऊ वर्षं या घरात आहे, पण माझ्याशी कधी चार वाक्यं सलग बोलली नाही. मुकी म्हणावी तर नवऱ्याशी तासन्‌तास कुजबुजायची.

आदल्या रविवारी दुपारी मी भिंतीपलीकडून त्यांचं भांडण ऐकलं होतं. ती म्हणत होती, "सांगून टाका ना त्यांना." तो म्हणत होता, "तू एक शब्द बोलायचा नाहीस. शपथ आहे." मी तेव्हाच ओळखलं होतं. तिला इथून निघायचं होतं. परगावी तिच्या भावाचं दुकान आहे, तिथं नवऱ्याला खुर्चीवर बसवायचं होतं. चढउतार नको, वाफ नको, सासू तर मुळीच नको.

"गुरुवारी त्याला तू काही दिलंस?"

"नाही."

"औषध? चूर्ण? गोळी?"

तिनं भांडं खाली ठेवलं. "द्यायची वेळ माझ्यावर आली असती तर निदान मला माहीत तरी होतं काय द्यायचं नाही ते," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

ह्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला त्यात उद्धटपणाच दिसला.

आता आमच्या धुलाईखान्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कामाच्या कोटांना खिसे असून नसल्यासारखे. वरून शिवून बंद केलेले. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची अंगठी चादरीत आली आणि नाहीशी झाली. तेव्हा मी एका रात्रीत सगळ्या कोटांचे खिसे शिवून टाकले. खिसाच नाही तर चोरी कुठं ठेवणार? त्यानंतर सुईसुद्धा हरवली नाही. चौदा माणसं, चौदा कोट, माझे दोन्ही मुलगे त्यातच. रोज संध्याकाळी कोट इथंच काढायचे, इथंच धुतले जातात. सोमवारी सकाळी ते वाटण्याआधी मी एकेक तपासते. तुटलेलं बटण, फाटलेली बाही, सैल झालेली खिशाची शिलाई, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सहा वर्षांपूर्वी मिशारावांच्या छातीत कळ आली, तेव्हापासून त्यांचा तेवढा एक खिसा मी स्वतः उसवून दिला आहे, औषधाच्या बाटलीसाठी. बाकी कायदा सगळ्यांना सारखा.

महिन्याभरापूर्वी थोरल्यानंही मागितला होता. कोट वाटत होते, सगळे रांगेत उभे होते.

"आई, माझा एक खिसा उसवून देशील का?"

"कशाला? काय लपवायचंय?"

"लपवायचं नाही गं. एक कागद ठेवायचाय."

"प्रेमपत्र असेल. लग्नाला नऊ वर्षं झाली, आता सुचलं का?"

रांग हसली.

"मालकिणीच्या पोराला खिसा दिला तर उद्या सगळे कांगारू होऊन फिरतील," मी म्हटलं. तोही हसला. पुन्हा काही मागितलं नाही त्यानं.

३

धाकट्याला मी मालाच्या पाळण्यापाशी पकडलं. पाळणा म्हणजे भिंतीतून वर जाणारी लोखंडी पेटी. खाली चादरी भरायच्या, कळ दाबायची, माल आपोआप तिसऱ्या मजल्यावर. नऊ दिवसांपासून तो बंद होता.

"दुरुस्तीवाल्याला निरोप कधी दिलास?"

"देणार होतो."

"नऊ दिवस?"

तो बूट घासत उभा राहिला. तेहतीस वर्षांचा घोडा, पण माझ्यासमोर अजून बूट घासतो. "तू सगळ्यांदेखत म्हणालीस ना, पाळणा मी बिघडवला म्हणून. मी म्हटलं, मग करेल तिचा लाडका. दोन हात आहेत त्याला."

"त्यानं नऊ दिवस पाठीवरून टोपल्या नेल्या."

"मला काय माहीत होतं, आई?" त्याचा आवाज फाटला. "दादा दुसऱ्या वळणावर थांबायचा. टोपली कठड्यावर टेकून चादरी मोजायचा. एकदा म्हटलं, दादा, खाली मोजल्यात की. तर म्हणाला, मला मोजायला आवडतं."

ते मोजणं मीही पाहिलं होतं. खालून ओरडले होते, जिन्यात मुक्काम करायचा असेल तर गादी पाठवते वर. आमच्या घरात आजारपण पाहुण्यांनी करायचं असतं, घरच्यांनी नाही. असं माझी सासू म्हणायची, मग मी म्हणायला लागले.

धाकट्याचा दोष पाळण्याचा. पण त्या वेळी तो खाली ड्रमाशी होता. बटण दाबून धरावं लागतं असा ड्रम, सोडलं की थांबतो. आणि ड्रम मधे थांबलेला मी ऐकला नव्हता. तो वर गेलेला नव्हता.

म्हणजे दोघं उरली. त्यातल्या एकीच्या मुठीत कागद होता.

४

मिशारावांना मी इस्त्रीच्या टेबलाशीच विचारलं.

"कसं झालं, पुन्हा सांगा."

"बाई, किती वेळा सांगू? मी इस्त्री फिरवत होतो. वर धप्पकन आवाज आला. तसाच धावत सुटलो. बघतो तर पोरगा पडलेला."

"तसाच धावलात?"

"हातातलं टाकून धावलो."

मी मान हलवली आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. वयानं वाकलेले, डोळे सुजलेले. थोरल्याला खांद्यावर बसवून ह्याच खोलीत फिरवायचे ते.

पण निघताना माझी नजर टेबलावर गेली आणि तिथंच अडकली. गुरुवारपासून त्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता. इस्त्री तिच्या उभ्या घोडीवर होती. भिंतीवरचं बटण बंद. अर्धवट सदरा बाह्या आत घेऊन नीट घडी घातलेला. हातातलं टाकून धावणाऱ्या माणसाची इस्त्री कापडावर पडते. कापड जळतं, धूर होतो, खालपर्यंत वास येतो. गुरुवारी आमच्याकडे एक धागासुद्धा करपला नव्हता.

मिशाराव धावले नव्हते. इस्त्री बंद करून, घडी घालून, चालत वर गेले होते. धप्प आवाज व्हायच्या आधी.

मी लगेच काही बोलले नाही. कारण मिशारावांच्या बाटलीतल्या गोळीचा विचार माझ्या मनात आला, तसा मीच पुसून टाकला. ती गोळी तर जीव वाचवणारी. सहा वर्षांत तीनदा माझ्या डोळ्यांदेखत तिनं त्यांना उठवून बसवलं होतं. मी विष शोधत होते. औषधाकडे कोण संशयानं बघतं?

घरात आले आणि थोरल्याची बॅग उघडली. येत्या सोमवारी तो चार दिवस परगावी नवा ड्रम बघायला जाणार होता, मला तसंच सांगितलं होतं. बॅग आधीच भरलेली होती. मी चौथी नापास आहे, अक्षर लावत लावत वाचते, पण कपडा मला घडाघडा वाचता येतो. बॅगेत बाहेर घालायचा एकही सदरा नव्हता. पँट नव्हती. रबरी सपाता, टॉवेल, आणि रात्रीचे तीन सैल सदरे, तिन्ही नवे, तिन्ही पुढून वरपासून खालपर्यंत बटणांचे.

असे सदरे मी दर मंगळवारी धुते. मोठ्या इस्पितळाच्या एकाच वॉर्डातून ते येतात, कॉलरला लाल दोऱ्याची खूण असते. तिथल्या माणसांना डोक्यावरून कपडा काढता येत नाही. त्यांची छाती उघडलेली असते.

५

हृदयाच्या वॉर्डात माझ्याच धुतलेल्या चादरी होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, नखं कापलेली, आवाज हळू.

"या आजी, बसा."

"आजी घरी. इथं बाई म्हणा," मी म्हटलं आणि थोरल्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "सोमवारी त्यांचं ऑपरेशन होतं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सहा आठवड्यांपूर्वी तो चादरींचा गठ्ठा पोचवायला आला होता आणि गठ्ठ्यावरच बसून राहिला होता, पांढराफटक. हिनं छातीला नळी लावली, तर ठोक्याऐवजी फाटक्या भात्यासारखा आवाज. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारात झडप असते. तीन पाकळ्यांची. ह्याला जन्मतःच दोन होत्या, आणि त्या चुना बसल्यासारख्या कडक झाल्या होत्या. दारात फक्त फट उरली होती.

"म्हणजे निचऱ्याची जाळी तुंबलेली आणि मोटर जोर लावतेय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "बरोबर तसंच. जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड होते. मग एखाद्या दिवशी, जिना चढताना, ओझं उचलताना, गरम खोलीत, ठोक्याचा ताल सुटतो."

ड्रमात चादरी एका बाजूला गोळा झाल्या की काय होतं ते मला माहीत होतं. आधी ड्रम धडधडतो, मग नुसता थरथरतो आणि बंद पडतो. "आम्ही झाकण उघडून चादरी सारख्या करतो," मी म्हटलं.

"आम्ही सोमवारी झाकण उघडणार होतो," ती म्हणाली.

मी रुमालाची गाठ सोडून कण दाखवला. गोळी, जिभेखाली, हे शब्द ऐकले आणि तिनं डोळे मिटले.

"छातीत दुखतं म्हणून ठेवतात ती गोळी. दुसऱ्या आजाराची. ती रक्तवाहिन्या सैल करते, दाब उतरवते. ज्याची झडप इतकी अरुंद आहे त्याचा दाब एकदम घसरला तर हृदयाला ते पेलत नाही. मी त्यांना कार्ड दिलं होतं. पिवळं. मोठ्या अक्षरात लिहिलेलं. झडपेचा आजार आहे, जिभेखालची गोळी देऊ नका, आडवं ठेवा, आम्हाला फोन करा. सांगितलं होतं, हे सतत खिशात ठेवा. झोपताना काढलंत तर चालेल, काम करताना नाही. त्यांच्याजवळ नव्हतं?"

मी कण पुन्हा रुमालात बांधला.

"गोळीनं गेला तो?"

"सांगता येत नाही. ताल आधीच सुटला असेल. नुसत्या त्या टोपलीनंही गेले असते. कदाचित गोळी नसती तरी. कदाचित नसते गेले. ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

उठताना तिनं आणखी एक सांगितलं. अशी झडप रक्तात असते. भावाला, मुलांना तपासून घ्या. थोरल्याला एकच मुलगी, माझी नात.

वाटेत माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. सतत खिशात ठेवा.

६

चौदा कोट, आणि उघडा खिसा एकच. कामाच्या वेळी दुसऱ्या कुणाच्याही अंगावर गोळी असूच शकत नव्हती. हे माझ्याच कायद्यानं सिद्ध झालं होतं.

मिशाराव टेबलाशीच बसले होते, इस्त्री गार.

"मिशाराव, इस्त्री बंद करून गेलात ना वर?"

त्यांनी नकार दिला नाही. गार इस्त्री बाजूला सरकवली.

"तो पायऱ्यांवर बसला होता, बाई. मी वर बघितलं तर टोपली शेजारी, हात छातीवर. म्हणाला, काका, जरा दाबल्यासारखं होतंय. मला ते दुखणं पाठ आहे. मी इस्त्री बंद केली, गेलो, बाटली काढली. तो आधी नको म्हणाला. मी म्हटलं, अरे, मला तीनदा वाचवलंय हिनं, शहाणपणा करू नकोस. उघड तोंड. लहानपणी उघडायचा तसं उघडलं त्यानं."

"मग?"

"दोन मिनिटं बसला. म्हणाला, डोकं हलकं होतंय. मग म्हणाला, आई ओरडेल, चादरी वर टाकतो. टोपली उचलली, दोन पायऱ्या चढला, दारात गेला आणि…" त्यांनी तळहात पालथा केला. "बाई, त्यानं नको म्हटलं होतं. काहीतरी सांगायला बघत होता. माझं लक्षच नव्हतं, बाटलीचं झाकण निघत नव्हतं."

"मग त्या दिवशीच का बोलला नाहीत?"

"तुम्ही विष म्हणालात. मी त्याला विष दिलं हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, ठेवा ती खिशात, तुम्हाला लागते. त्यांनी ऐकलं नाही.

मिशारावांनी प्रेमानं दिली होती. कार्ड दिसलं असतं तर दिली नसती, वाचता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग प्रश्न उरला तो एवढाच, कार्ड त्याच्याजवळ का नव्हतं? ते कार्ड कुणी घेतलं?

पिवळा कोपरा मी पाहिला होता. मला वाटलं, सापडली.

७

सुनेच्या खोलीत जाण्याआधी मी थोरल्याचा कोट कपाटातून काढला. तो मी धुतला नव्हता. तिच्यासमोर टाकून विचारायचं होतं, ह्या माणसाचं कार्ड तू का काढून घेतलंस?

खिडकीत उजेडाला धरला. छातीवरचा खिसा शिवलेला, काळ्या दोऱ्यानं. दुहेरी टाका, घट्ट, एकसारखा. असा टाका ह्या घरात एकच बाई घालते. पण त्या काळ्या टाक्याच्या खाली सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती. रिकामी. पांढरी शिलाई तिथं होती, आणि ती झिजून गेलेली नव्हती. झिजलेला दोरा केसाळ होतो, भोकात अडकून राहतो. हा पात्यानं एकेक टाका कापून, धागे वेचून काढलेला होता. सावकाश. कापडाला इजा न करता.

मग मला त्याच आठवड्यातला सोमवार आठवला. सकाळची घाई होती, एका कोटाचा खिसा सताड उघडा होता. मी म्हटलं, सोड्यानं दोरा कुजला. पांढरं रीळ संपलं होतं म्हणून काळं घेतलं. कोट कुणाचा ते बघितलंसुद्धा नाही. दोनदा शिवला, पुन्हा उसवू नये म्हणून.

सून दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"खिसा कुणी उसवला?" मी विचारलं.

"मी. रविवारी, तुम्ही झोपला होता तेव्हा. कार्ड ठेवायला." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, कोटाकडे बघून. "ते म्हणाले, ऑपरेशन होईपर्यंत आईला सांगायचं नाही. आठच दिवस राहिलेत, काम थांबलं तर ती शंभर प्रश्न विचारेल. शपथ घातली. मी म्हटलं, मग निदान खिसा तरी. सोमवारी सकाळी कोट हातात घेतला आणि तसेच परत आले मला दाखवायला."

"काय म्हणाला?"

"हसले. म्हणाले, आईला कळलं बघ. आणि हे तिचं उत्तर."

मी कोट खाली ठेवला.

"मी म्हटलं, त्यांना विचारा तरी. नाहीतर द्या, मी पुन्हा उसवते. तर म्हणाले, आईचा टाका उसवायचा नसतो." तिनं मूठ उघडली. कार्ड चुरगळलेलं, घामानं ओलसर. "बाहेरच्या सदऱ्यात होतं. खालच्या खुंटीवर. तीन दिवस तिथंच असायचं. ते वर आणि कार्ड खाली."

"मला दाखवलं का नाहीस? परवा विचारलं तेव्हा?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, माहीत असून तुम्ही आम्हाला विचारताय, गोळी कुणी घातली."

नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी इतकं सलग बोलली.

८

मी बोलून बसले होते की ज्याचा हात यात निघेल त्याला या घरात जागा नाही. दिलेला शब्द मी कधी मागे घेतला नाही, ह्याचा मला जन्मभर ताठा. पण घर सोडून सून निघाली, परगावी भावाकडे. नात तिच्या बोटाला धरून. मी म्हटलं, किल्ल्या तू घे, जायचं तर मी जाते. ती म्हणाली, "कुठं जाल, आई? आणि किल्ल्यांचं मी काय करू?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं.

नातीच्या छातीला तिकडच्या डॉक्टरनं नळी लावली. काय निघालं ते मला कुणी कळवलेलं नाही. धाकट्याला रोज म्हणते, तपासून घे. तो म्हणतो, बघू, सध्या काम आहे. माझंच पोर ते.

पाळणा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. एक वायर सुटली होती, अर्ध्या तासाचं काम. मिशाराव येतात, पण बाटली टेबलावरच ठेवतात. उद्या कळ आली तर ते ती तोंडात घालणार नाहीत, हे मला दिसतंय. त्यांना समजावणं माझ्या तोंडी शोभत नाही.

सोमवारी मी कोट घेऊन बसले आणि बारा कोटांचे खिसे उसवले. रांगेत प्रत्येकाला सांगितलं, खिसा उघडा आहे, हवं ते ठेवा. कुणी हसलं नाही. कुणी काही ठेवतही नाही. सवय गेली त्यांची. हात खिशापर्यंत जातो आणि परत येतो. तेरावा मिशारावांचा, तो आधीपासून उघडा होता.

चौदावा माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढते, खिडकीत उजेडाला धरते, पातं हातात घेते. काळा दोरा आहे, चष्म्याशिवायही दिसतो. टाके मोजले आहेत, एकतीस. पातं टाक्याखाली घालते आणि तसंच काढून घेते.

तो म्हणाला होता, उसवायचा नसतो.